सर्टिफिकेट दोन दिवसांत, हात बसायला काही महिने

कानाची निगा शिकवणारे नर्सेससाठीचे छोटे कोर्स सख्खी भावंडं शोभावीत इतके सारखे असतात. पहिला दिवस वर्गात: कानाची रचना, नेहमीचे आजार, ओटोस्कोप (कानात पाहायचं दिव्याचं उपकरण). दुसरा दिवस टेबलावर: प्लास्टिकचा कान, बनावट मळ, पाण्याचं यंत्र, सक्शन (मळ हवेच्या ओढीने बाहेर काढणं). संध्याकाळी ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट. कधी पहिला दिवस ऑनलाइन असतो, कधी दोन्ही दिवस एकात कोंबलेले असतात. हे परीक्षण या साच्याचं आहे. फी कशात वसूल होते, कुठे पाणी घातलेलं असतं, आणि नोकरीत वर सरकायला याचा उपयोग किती, एवढंच पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. दोन दिवसांनंतर खऱ्या रुग्णांवर, कुणाच्या तरी देखरेखीखाली करायच्या केसेस आणि त्यांचं लॉगबुक, म्हणजे नोंदवही, कोर्समध्येच असेल, तर जरूर घ्या. ते नसेल तर वर्ग कितीही छान असो, तुम्ही एका महागड्या प्रात्यक्षिकाला हजेरी लावली असं समजा. आणि निव्वळ ऑनलाइन कोर्स? वाचनाला पैसे मोजायची गरजच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्राथमिक स्तरावरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कान आणि श्रवणाच्या निगेची प्रशिक्षण पुस्तिका काढली आहे, ती फुकट मिळते. ती वाचून मगच वर्गात जा, म्हणजे फीचा प्रत्येक तास हातांसाठी वापरता येईल.

पहिल्या दिवसाची परीक्षा एका प्रश्नात होते: रचना शिकवताना ‘म्हणून काय?’ हे सांगतात का? मोठ्या माणसाची कानाची नळी सुमारे अडीच सेंमी लांब असते, हे कुठेही वाचायला मिळतं. कामाची गोष्ट पुढे आहे. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, तिथे केस आणि ग्रंथी असतात, आणि मळ फक्त तिथेच तयार होतो. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. त्यावरची कातडी कागदासारखी पातळ, खाली चरबीचा थर नाही, त्यामुळे नुसता स्पर्शही झोंबतो आणि लगेच रक्त येतं. म्हणजे मळ पडद्याला टेकलेला दिसला, तर बहुतेक वेळा तो तिथे बड्सने नाहीतर कानकोरण्याने ढकलला गेलेला असतो. तो काढताना तुमचं हत्यार सर्वांत दुखऱ्या भागातून जाणार असतं. पडद्यावरची कातडी नखाच्या वाढीच्या वेगाने बाहेर सरकत राहते आणि मळ सोबत घेऊन येते. म्हणून बहुतेकांचे कान कुणी हात न लावता साफ राहतात. एवढं नीट समजलं की ‘त्रास नसलेला मळ काढू नये’ हा नियम पाठ करावा लागत नाही. अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटलं आहे: कानाची तपासणी करता येत असेल आणि तक्रार नसेल, तर मळाच्या मागे लागू नका.

ओटोस्कोपचा भाग बहुतेक कोर्स घाईत उरकतात आणि तिथेच पुढच्या चुकांचं बी पडतं. ओटोस्कोप पेनासारखा धरायचा, उजव्या कानाला उजव्या हातात, डाव्याला डाव्या. करंगळीची कड रुग्णाच्या गालावर टेकलेली हवी. रुग्णाने दचकून मान हलवली तर हातही मानेबरोबर हलतो आणि टोक आत घुसत नाही. दुसऱ्या हाताने मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढायची, तान्ह्या बाळाची खाली आणि मागे. स्पेक्युलम, म्हणजे ओटोस्कोपच्या टोकाला बसवायचं नळकांडं, कानाच्या नळीत सहज मावेल तेवढा मोठा घ्यायचा. नवशिके हमखास लहान घेतात, मग उजेडही कमी आणि टोकही जास्त आत. प्रशिक्षक प्रत्येकाची करंगळी तपासत फिरतो की नाही, एवढ्यावरून कोर्सचा दर्जा ओळखता येतो.

पडदा पाहताना मोत्यासारखा करडा रंग आणि उजेडाचा त्रिकोण (उजव्या कानात घड्याळाच्या पाचाच्या जागी, डाव्यात सातच्या) सगळेच शिकवतात. पण नजर तिथून वर गेली पाहिजे. पडद्याचा सगळ्यात वरचा, सैल भाग म्हणजे अ‍ॅटिक. तिथे चिकटलेली एखादी तपकिरी खपली मळासारखी दिसते, आणि तिच्याखाली कोलेस्टिअटोमा असू शकतो: चुकीच्या जागी साचत गेलेली कातडी, जी कानातली हाडं पोखरते. रुग्णाला दुखत नाही, अधूनमधून घाण वास येणारा स्राव येतो, एवढंच. अ‍ॅटिक न पाहता कागदावर ‘पडदा नॉर्मल’ लिहिणं ही नव्या नर्सची सर्वांत महागात पडणारी सवय आहे. ज्या कोर्समध्ये स्वच्छ, सुंदर पडद्यांचे पाच-सहा फोटो दाखवून पुढे जातात, तो सोडून द्या. भराभर शंभरेक फोटो दाखवून प्रत्येकाला ‘सोडू, करू की तज्ज्ञाकडे पाठवू?’ असं विचारणारा प्रशिक्षक मिळाला, तर त्या एका तासात फी निम्मी वसूल झाली.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात बहुधा पाण्याने कान धुण्यापासून होते. जुनी धातूची मोठी सिरिंज अजून कुणी शिकवत असेल तर सरळ उठून यावं. हाताने दिलेला दाब मोजता येत नाही आणि आवरताही येत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नका असं स्पष्टच सांगितलं आहे. विजेवरच्या यंत्राने दाब सर्वांत कमी ठेवून सुरुवात करायची. पाणी शरीराइतकं कोमट, ३७ अंशांच्या आसपास. थंड किंवा गरम पाणी गेलं की आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकेतला द्रव हलतो आणि रुग्णाला गरगरतं. म्हणूनच नळीत राहिलेलं थंड पाणी आधी तसराळ्यात सोडून द्यायचं. ही पायरी विसरली जाते, आणि मग ‘पाणी तर कोमट होतं’ असं म्हणत सगळे एकमेकांकडे बघतात. धार कधीही सरळ पडद्यावर नको, नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर हवी: उजव्या कानात अकराच्या जागी, डाव्यात एकच्या. पाणी मळाच्या मागे जाऊन त्याला बाहेर ढकलतं. सरळ मारलेली धार मळ आणखी ठासून बसवते.

मळ निघाला नाही तर त्याच दिवशी दाब वाढवत बसायचं नसतं. कानात पाणी घालून पंधरा मिनिटं थांबून पुन्हा एकदा करून पाहावं, किंवा काही दिवस मऊ करणारे थेंब देऊन परत बोलवावं. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर पुढे पाठवावं. यंत्राच्या टाकीचं निर्जंतुकीकरण हा विषय कोर्समध्ये दोन मिनिटांत उरकला जातो, खरं तर तो वीस मिनिटांचा आहे. ओलसर टाकी आणि नळी म्हणजे स्यूडोमोनास या जंतूचं घर. तेच पाणी तुम्ही मधुमेही रुग्णाच्या ओरखडा पडलेल्या कानात सोडता.

पाणी कुणाला चालत नाही, ही यादी मात्र सगळे नीट देतात: पडद्याला भोक, पूर्वी झालेलं कानाचं ऑपरेशन, नुकताच होऊन गेलेला मधल्या कानाचा संसर्ग, दुभंगलेला टाळू, सुजलेली नळी, ऐकू येणारा एकमेव कान. त्यात कानात अडकलेले कडधान्याचे दाणे घाला, ते पाण्याने फुगून पक्के बसतात. आणि बटणासारखी बॅटरी. तिच्यावर पाण्याचा थेंबही नको. ती थोड्या वेळात आतली कातडी जाळू लागते, तिला तातडीने तज्ज्ञाकडे पाठवायचं.

सक्शनवर कोर्सची निम्मी जाहिरात चालते आणि नर्सेस येतात त्या बहुधा यासाठीच. ते बरोबरही आहे. पाणी आत जात नाही, सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि भोक असलेला पडदा किंवा ऑपरेशन झालेला कान यांच्यासाठी सहसा हाच मार्ग असतो. प्रश्न आहे तो किती शिकवतात याचा. दाब ८० ते १२० मिमी पाऱ्यापासून सुरू करावा. मळ हलत नसेल तर दाब वाढवण्याआधी तो मऊ करायचा विचार करावा. सक्शनची नळी झोलनर नावाच्या प्रकारची, आणि टोकाला बारीक जोड. नळीवरचं अंगठ्याचं भोक हा तुमचा ब्रेक. अंगठा उचलला की ओढ संपली. टोक नेहमी नजरेत असलं पाहिजे, आणि ते मळाला लागलं पाहिजे, भिंतीला नाही.

इथे कान उघडे ठेवून शिकण्यासारखं काही आहे. मोकळी हवा ओढताना सक्शनचा आवाज उंच, शिट्टीसारखा असतो. टोकाने मळ पकडला की तो दबतो, फुरफुरतो. एकदम पूर्ण शांत झाला तर दोनच गोष्टी: मळाचा गोळा टोकाला घट्ट बसला आहे, किंवा कातडी ओढली गेली आहे. रुग्णाच्या भुवया वर गेल्या असतील तर दुसरी. अंगठा लगेच उचला, ओढून काढू नका. हे प्लास्टिकच्या कानात शिकता येत नाही, कारण त्या कानाला भुवया नसतात.

प्लास्टिकच्या कानांचे दोष यादी करण्याजोगे आहेत. नळी नको तितकी सरळ. आत भरलेला बनावट मळ आज्ञाधारक, एका ओढीत अख्खा निघतो. खऱ्या कानात तो वर कडक, मध्ये डिंकासारखा आणि खाली कातडीच्या सालांत गुंतलेला असतो. मॉडेल खोकत नाही. माणसाच्या नळीला हात लागला की काहींना ढास लागते, कारण तिथे व्हेगस नसेची एक शाखा येते. त्याच नसेमुळे एखाद्याला भोवळही येते. म्हणून रुग्णाला डोकं टेकता येईल आणि पटकन आडवं करता येईल अशी खुर्ची हवी. सक्शनचा आवाज पडद्याजवळ कानठळ्या बसवणारा असतो, तो मॉडेलला सोसावा लागत नाही. कानात सतत आवाज येणाऱ्या रुग्णाला ते आधी सांगावं लागतं, थांबत थांबत करावं लागतं, कधी सक्शन सोडून हुक किंवा चिमटा उचलावा लागतो. हवेच्या ओढीने आत गारवा होऊन चक्कर येते, तेही मॉडेलला माहीत नाही.

त्यामुळे हत्यारांचा तास कमी असलेला कोर्स अपुरा समजावा. जॉब्सन हॉर्न प्रोब या बारीक धातूच्या काडीच्या खरखरीत टोकाला कापूस असा गुंडाळायचा की तो टोकाच्या पुढे मऊ पिसाऱ्यासारखा राहील आणि आत सुटणार नाही. हे सोपं वाटतं. पहिल्या दहा वेळा कापूस सुटतोच. वर्गात प्रत्येकाने किमान वीस वेळा तो गुंडाळावा. वाहणारा कान कोरडा करायचा तर हीच कला लागते, आणि सक्शन बंद पडलं त्या दिवशीही. मगरतोंड्या चिमट्याने साली आणि कापूस पकडता येतो. गोल, गुळगुळीत मणी पकडायला गेलं तर तो निसटून आणखी आत जातो, त्याला मागून हुक लावून ओढायचं.

मायक्रोस्कोप की डोक्यावरचा लूप (भिंग), हा वाद कोर्स विकणारे फार चवीने घालतात. मायक्रोस्कोप स्थिर असतो, मोठं दाखवतो आणि खोली कळते. पण तो जागचा हलत नाही. लूप कुठेही नेता येतो, मात्र मान अवघडते आणि मोठेपणा कमी. स्क्रीनवर दाखवणारा एंडोस्कोप (बारीक कॅमेरा) रुग्णाला समजावायला उत्तम, पण चित्र सपाट दिसतं आणि टोक नेमकं किती आत आहे हे हाताला कळायला वेळ लागतो. पुढे ज्या जागी काम करणार तिथे जे आहे, त्यावर शिका. सोपं उत्तर आहे, पण फी भरताना फार थोड्याजणी हा प्रश्न विचारतात.

आता ज्या तक्रारीसाठी हे सगळं शिकायचं ती तक्रार. ‘कानाला दडा बसलाय.’ दहातल्या बऱ्याच वेळा मळच असतो. पण कान उघडून पाहिला आणि तो स्वच्छ निघाला तर? किंवा मळ काढला आणि तरीही ऐकू आलं नाही तर? ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मध्यावर ठेवा. आवाज दडा बसलेल्या कानात ऐकू आला तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. चांगल्या कानात गेला तर आतला कान बिघडला आहे. तीन दिवसांच्या आत अचानक ऐकू येणं कमी झालेल्या अशा रुग्णाला ‘थेंब घाला, पुढच्या आठवड्यात या’ म्हणून घरी पाठवणं ही अक्षम्य चूक ठरते. उपचाराची वेळ फार थोडी असते, त्याच दिवशी पाठवायचं. ट्यूनिंग फोर्क न शिकवणारे कोर्स आहेत, आणि ते स्वतःला ‘संपूर्ण’ म्हणवतात. तसंच, मधुमेह असलेल्या वयस्क माणसाचा कान वाहतोय आणि ठणका रात्रभर झोपू देत नाही, कान दिसतो त्यापेक्षा दुखणं फार मोठं, तर तो नेहमीचा संसर्ग मानू नये. नळीच्या तळाशी लालसर मांसल उंचवटा दिसला, चेहरा एका बाजूने ओघळला, तर संसर्ग कवटीच्या हाडात गेलेला असू शकतो. बुरशीचं उलट असतं: खाज जास्त, दुखणं कमी, आत ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यावर शाईचे ठिपके पडावेत तसं दिसतं. ते पूर्ण साफ केल्याशिवाय कुठलाही थेंब काम करत नाही. नर्सचा हात डॉक्टरच्या औषधाइतकाच महत्त्वाचा ठरतो तो इथे.

मग लॉगबुक. चांगलं लॉगबुक नुसते आकडे मोजत नाही. एक नोंद अशी असावी: ‘उजवा कान, कडक मळ, सात दिवस थेंब, सक्शन, तीन प्रयत्न, पाचव्या मिनिटाला चक्कर, थांबवलं, आडवं केलं, बरं वाटलं, मळ अर्धा शिल्लक, थेंब चालू, परत बोलावलं. पडदा अजून दिसलेला नाही.’ शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. खाली देखरेख करणाऱ्याची सही आणि एक ओळ. किती केसेस हव्यात, हे कोर्सप्रमाणे बदलतं. संख्येपेक्षा त्यातलं वैविध्य पाहा: लहान मुलं, श्रवणयंत्र वापरणारे, अरुंद नळी, भोक असलेला पडदा, आणि ‘काही केलं नाही, पाठवलं’ अशाही नोंदी. ज्या लॉगबुकमध्ये सगळं यशस्वी, ते बहुधा एका बसणीत भरलेलं असतं.

बढतीच्या दृष्टीने या कागदाकडे पाहिलं तर तो पहिली पायरी आहे, त्याहून जास्त नाही. सर्टिफिकेटने तुमच्या नोंदणीचे अधिकार वाढत नाहीत. कान साफ करायची मुभा तुमच्या संस्थेच्या लेखी कार्यपद्धतीतून येते, आणि विम्याचं संरक्षण त्या कार्यपद्धतीपुरतंच असतं. हे न सांगणारा कोर्स अर्धवट माहिती देतो. पहिल्या वर्षी मळ, थेंब, साधी तपासणी. त्यानंतर वाहणारे कान कोरडे करणं, सुजलेल्या नळीत औषध आत पोचवणारी वात बसवणं, ग्रोमेट (पडद्यात बसवलेली बारीक नळी) तपासणं. मास्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या हाडाच्या, ऑपरेशननंतरची पोकळी साफ करणं ही पुढची, वेगळी पायरी. तिथे चेहऱ्याची नस उघडी असू शकते आणि तोल सांभाळणारी नलिका सक्शनच्या टोकापासून केसभर अंतरावर असते, म्हणून ते मायक्रोस्कोपखाली, सर्जनच्या शेजारी बसूनच शिकायचं. कुठलाही दोन दिवसांचा कोर्स ‘मास्टॉइडसह’ म्हणत असेल तर ती जाहिरात आहे.

तिथून वाटा फुटतात. कुणी स्वतःचा कान-क्लिनिक चालवतं, कुणी श्रवण तपासणी आणि टिंपॅनोमेट्री (पडद्याची हालचाल मोजणं) शिकून ऑडिओलॉजीच्या जवळ जातं, कुणी औषध लिहिण्याचा अधिकार देणारं पुढचं शिक्षण घेतं, कुणी शिकवायला लागतं. अडकायचं ठिकाणही ठरलेलं आहे: दर दहा मिनिटांना एक मळ, दिवसभर. हात वेगवान होतो, डोळा आंधळा. अशा जागेवर वर्षं काढलेली नर्स मुलाखतीत मागे पडते, कारण तिच्याकडे आकडा असतो, पण निर्णय दाखवता येत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःचा साधा हिशेब ठेवावा: किती कान एकाच भेटीत झाले, किती अर्ध्यावर सोडले आणि का, किती पुढे पाठवले, आणि पाठवलेल्यांपैकी किती जणांत खरंच काही निघालं. हा शेवटचा आकडा मिळवायला तज्ज्ञांकडून उत्तर मागवावं लागतं, आणि त्या पत्रव्यवहारातूनच बहुतेकींची पुढची जागा ठरते.

फी भरण्याआधी आयोजकांना फोन करून एवढं विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जणी? चारपेक्षा जास्त असतील तर तुमच्या वाट्याला सक्शनची नळी किती मिनिटं येईल, हे मनात मोजा. देखरेख करणारा तुम्ही शोधायचा की ते देतात? त्याने स्वतः शेवटचा कान कधी साफ केला? आणि लॉगबुक तपासून परत पाठवलेलं एखादं जुनं, नाव झाकलेलं, बघायला मिळेल का? पहिल्या तीन प्रश्नांना सगळे गोड उत्तरं देतात. चौथ्याला फोन होल्डवर जातो.